कोलंबिया घळईतल्या अनवट पायवाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराहून पूर्वेकडे निघालेल्या बहुतेक गाड्या मल्टनोमा धबधब्यापाशी थांबतात. १८९ मीटर उंचीचा हा धबधबा पाहण्यासारखा आहेच, पण घळई तिथून पुढे पूर्वेला शंभरेक किलोमीटर पसरलेली आहे आणि कोलंबिया नदीचा पलीकडचा काठही तिचाच आहे. त्या उरलेल्या भागात पायी हिंडू पाहणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं.

ही घळई नेमकी किती मोठी, आणि ती कुणाच्या ताब्यात आहे?

कोलंबिया नदी कॅस्केड पर्वतरांग कापून पॅसिफिक महासागराकडे जाते. रांग कापताना तिने जी वाट काढली ती ही घळई. लांबी सुमारे १३० किलोमीटर, काही ठिकाणी खोली १,२०० मीटरपर्यंत. उत्तर काठावर वॉशिंग्टन राज्य, दक्षिण काठावर ऑरेगन.

१९८६ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून २,९२,५०० एकरांचा हा पट्टा राष्ट्रीय निसर्गरम्य क्षेत्र म्हणून राखला. त्यासाठी सर्वांत जास्त झटल्या त्या नॅन्सी रसेल. 'फ्रेंड्स ऑफ द कोलंबिया गॉर्ज' ही संस्था त्यांनी १९८० मध्ये सुरू केली.

हे राष्ट्रीय उद्यान नाही, हे आधीच समजून घ्या. क्षेत्राच्या आत गावं आहेत, फळबागा आहेत, खासगी जमिनी आहेत. एक वाट वनखात्याची, दुसरी राज्य उद्यानाची, तिसरी एखाद्या संस्थेने विकत घेतलेल्या जमिनीवरची. त्यामुळे पास, कुत्र्यांची परवानगी, उघडण्या-बंद होण्याच्या तारखा हे सगळं वाटेगणिक बदलतं.

कडे एवढे सरळसोट आणि धबधबे एवढे जास्त, असं का?

कडे बेसॉल्टचे आहेत. साधारण १.७ कोटी वर्षांपूर्वीपासून लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. काळ्या खडकातले आडवे पट्टे आणि उभे खांब पाहिलेत की ते थर ओळखता येतात.

नंतर हिमयुगाच्या शेवटी, १५ ते १८ हजार वर्षांपूर्वीच्या काळात, महापूर आले. मिसूला नावाचं प्रचंड हिमसरोवर बर्फाच्या बांधाने अडलेलं होतं. तो बांध फुटायचा, पुन्हा तयार व्हायचा, पुन्हा फुटायचा. असं कित्येकदा झालं. दर वेळी पाणी या घळईतून धावलं आणि त्याने दोन्ही बाजूंचे उतार खरवडून नेले. बाजूने येणाऱ्या ओढ्यांची तोंडं तुटून हवेत लटकली. आज ते ओढे तिथून कोसळतात, तेच हे धबधबे. जे हार्लेन ब्रेट्झ या भूशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये या महापुराची कल्पना मांडली, तेव्हा बहुतेक सहकाऱ्यांनी ती उडवून लावली होती. १९७९ मध्ये त्यांना भूशास्त्रातलं मानाचं पेनरोज पदक मिळालं, तेव्हा ते ९६ वर्षांचे होते.

चालणाऱ्याच्या कामाची गोष्ट अशी की उतार खरवडले गेल्यामुळे इथे हळूहळू चढत जाणारी वाट क्वचितच मिळते. नदीकाठ जवळपास समुद्रसपाटीला आणि माथा थेट वर. अंतर कमी दिसलं म्हणून फसू नका, नकाशात आधी चढ बघा.

कोणत्या महिन्यात कुठे जावं?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो सर्वांत कमी लोक विचारतात. लोक फोटो बघून वाट निवडतात. इथे वाट ऋतू बघून निवडावी लागते.

घळईच्या मधोमध असलेल्या कॅस्केड लॉक्स गावाला वर्षाकाठी साधारण १,९०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून ६५ किलोमीटरवरच्या द डॅल्सला पडतो जेमतेम ३५० मिलिमीटर. महासागरावरून आलेले ढग पर्वतरांगेच्या पश्चिम बाजूला रिते होतात, पूर्वेला पर्जन्यछाया. गाडीने तासाभराच्या आत तुम्ही शेवाळलेल्या फर आणि सीडरच्या जंगलातून ओकच्या झाडोऱ्यात आणि पुढे उघड्या गवताळ डोंगरांवर पोचता.

त्यात काठाचाही फरक आहे. ऑरेगनचे कडे उत्तरेकडे तोंड करून उभे आहेत, म्हणून तिथे सावली, ओल आणि बहुतेक मोठे धबधबे. वॉशिंग्टनचे उतार दक्षिणेकडे पाहतात, त्यांच्यावर ऊन पडतं, बर्फ लवकर वितळतो, फुलं आधी येतात.

म्हणून माझा क्रम असा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पोर्टलंडला पाऊस थांबत नसतो, तेव्हा पूर्वेला, वॉशिंग्टनच्या काठावर. एप्रिलमध्ये पूर्वेलाच, दोन्ही काठांवर. मेमध्ये मधल्या भागातल्या उंच माथ्यांवर. जुलै-ऑगस्टच्या उन्हात पूर्वेचे डोंगर नकोत. तिथे सावली नाही, पाणी नाही आणि वणव्याची भीती. त्या दिवसांत ऑरेगनच्या ओढ्यांकाठी जावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिग-लीफ मेपल पिवळे होतात आणि पहिल्या पावसाने धबधबे पुन्हा भरतात. माझ्या मते ओल्या बाजूचा सर्वांत सुंदर काळ हाच.

हिवाळ्यात एका गोष्टीला जपा. पूर्वेकडचा थंड वारा घळईत शिरतो आणि वरून पाऊस पडत असेल तर तो जमिनीवर टेकताच गोठतो. पायवाटेवर, पुलांवर, रस्त्यावर काचेसारखा थर बसतो. असा अंदाज असेल त्या दिवशी घरी बसावं.

पहिल्यांदाच अनवट वाटेला जायचं आहे. सुरुवात कुठून करू?

आधी स्वतःला विचारा: पाणी बघायचंय, की उंचावरून नदी बघायचीय?

पाणी हवं असेल तर ड्राय क्रीक धबधबा. ब्रिज ऑफ द गॉड्सच्या ऑरेगनकडच्या टोकापासून पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवरून जायचं. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणाऱ्या या सुमारे २,६५० मैलांच्या वाटेचा सर्वांत सखल भाग याच पुलापाशी आहे. जाऊन-येऊन साडेचार मैलांच्या आसपास, म्हणजे सात किलोमीटर. चढ सौम्य, वाट जंगलातून. शेवटी बेसॉल्टच्या खोबणीतून पडणारी एकच धार. जवळच जुन्या पाणीपुरवठ्याच्या बांधकामाचे अवशेष दिसतात.

उंची हवी असेल तर वॉशिंग्टनकडचा विंड माउंटन. अंतर थोडं, चढ मात्र साडेतीनशे मीटरच्या पुढे आणि खडा. दम लागेल, पण लवकर संपतो. माथ्यावर घसाऱ्याचे, म्हणजे सुट्या दगडांचे उतार आहेत. त्यांतल्या दगडी खड्ड्यांबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, जाण्याआधी ते वाचाच.

दिवसभर चालायची तयारी असेल तर हार्डी रिज. बीकन रॉकच्या सुळक्यावर सुटीच्या दिवशी रांग लागते, पण त्याच राज्य उद्यानात महामार्गाच्या दुसऱ्या बाजूने वर गेलेली ही धार बरीच शांत असते. घोडेस्वारांसाठीच्या वाहनतळावरून सुरुवात होते. आठ मैलांच्या आसपासची चाल. खालचा भाग जुन्या रुंद रस्त्यावरून असल्यामुळे थोडा कंटाळवाणा. धारेवर पोचलं की दोन्ही बाजू उघड्या होतात आणि त्या कंटाळ्याची पूर्ण भरपाई होते.

पूर्वेला क्लिकिटाट ट्रेल आहे. जुन्या रेल्वेमार्गाची ही ३१ मैलांची वाट लाइल गावापासून क्लिकिटाट नदीच्या काठाने वर जाते. हवं तितकं चालायचं आणि मागे फिरायचं. चढ जवळजवळ नाहीच. पुढचा स्वेल कॅन्यनचा भाग उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने बंद ठेवतात, म्हणून तिकडे वसंतातच जा.

कायोटी वॉलही अनवट वाटांमध्ये येते का?

आता नाही. बिंगनजवळचा तो तिरका बेसॉल्टचा कडा फार देखणा आहे, पण वसंतातल्या शनिवारी वाहनतळ सकाळीच भरतो आणि सायकलस्वारही भरपूर असतात. मधल्या वारी जाता आलं तर जरूर जा.

फुलांसाठी डॉग माउंटनलाच जायला हवं का?

नाही. डॉग माउंटनचे मे महिन्यातले पिवळे उतार प्रसिद्ध आहेत, आणि म्हणूनच बहराच्या शनिवार-रविवारी तिथे आगाऊ परवाना लागतो.

तीच बाल्समरूटची पिवळी फुलं आणि ल्युपिनचे जांभळे तुरे एप्रिलमध्ये रोवेनाजवळच्या टॉम मॅकॉल राखीव क्षेत्रात फुलतात. ही जमीन 'द नेचर कन्झर्व्हन्सी' या संस्थेची आहे. खालची पठारावरची वाट सपाट, वरच्या टॉम मॅकॉल पॉइंटपर्यंतची वाट सुमारे ३०० मीटर चढते. कुत्र्यांना बंदी. वरची वाट मार्च ते ऑक्टोबर याच काळात खुली असते.

आणखी लवकर जायचं असेल तर वॉशिंग्टनकडचं कॅथरीन क्रीक. ग्रास विडो नावाची किरमिजी फुलं तिथे फेब्रुवारीच्या अखेरीपासून दिसू लागतात. इतकी छोटी असतात की चालत राहिलात तर नजरेतून सुटतील. बसून पाहावीत.

फुलं पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि खालून वर सरकत जातात. एका आठवड्यात बहर हुकला तर पुढच्या आठवड्यात थोडं पश्चिमेला किंवा थोडं उंच जा, मिळेल. फोटोसाठी वाट सोडून फुलांत शिरू नका. उतारावरची माती पातळ असते आणि एकदा तुडवली की त्या जागी वर्षानुवर्षं काही उगवत नाही.

केप हॉर्नची वाट अर्धी बंद का असते?

बहिरी ससाण्यांसाठी. वॉशिंग्टनकडच्या केप हॉर्नच्या कड्यावर त्यांची घरटी असतात, म्हणून फेरीचा खालचा भाग दरवर्षी १ फेब्रुवारी ते १५ जुलै बंद असतो. वरचा भाग वर्षभर खुला. नॅन्सी रसेल यांच्या नावाची दगडी बैठक तिथेच आहे. ज्या माळावर बैठक आहे, तिथे घरं बांधली जाऊ नयेत म्हणून जमिनी विकत घेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. जुलैच्या मध्यानंतर सात मैलांची पूर्ण फेरी करा. खालच्या वाटेवर धबधब्याच्या मागून जाता येतं. सुरुवातीचा वाहनतळ मोफत आहे.

आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर?

तीन जागा सुचवते.

मोझियर ट्विन टनेल्स: हूड रिव्हर आणि मोझियर यांच्यामधल्या जुन्या महामार्गाचा साडेचार मैलांचा डांबरी तुकडा. गाड्यांना बंदी. १९२१ च्या सुमाराचे हे दोन बोगदे १९५० च्या दशकात राडारोडा भरून बुजवले होते, ते उकरून २००० मध्ये चालणाऱ्यांसाठी पुन्हा खुले केले. मोझियरच्या बाजूने सुरुवात केली तर बोगदे लवकर येतात. गुडघे दुखणाऱ्यांनाही ही वाट जमते. फक्त वारा जोराचा असतो, कानटोपी घ्या.

सॅम्स वॉकर: वॉशिंग्टनकडे, नदीकाठच्या माळावरून आणि झाडीतून जाणारी मैलभराची सपाट फेरी. समोर ऑरेगनचे कडे. इथे फारच कमी लोक येतात.

कॅथरीन क्रीकची खालची फेरी: रस्त्याच्या दक्षिणेची फरसबंद वाट, चाकाची खुर्चीही जाते.

एलोवा धबधबाही जवळ आहे आणि त्याचं ६५ मीटरांचं पाणी मल्टनोमाइतकंच मनात राहतं. पण ती वाट दगडांची आणि चढउताराची आहे. काठी वापरणाऱ्या ज्येष्ठांना तिथे नेऊ नका.

२०१७ च्या आगीत सगळं जळून गेलं ना?

सगळं नाही. २ सप्टेंबर २०१७ रोजी ईगल क्रीकच्या दरीत एका १५ वर्षांच्या मुलाने पेटता फटाका टाकला. महिनोन्‌महिने पाऊस नव्हता. आग पसरली, दीडशेच्या आसपास ट्रेकर वरच अडकले आणि त्यांना रात्र जंगलात काढावी लागली. जवळपास ५०,००० एकरांवर आग फिरली. न्यायालयाने त्या मुलाला ३.६ कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा आदेश दिला.

पण आग सगळीकडे सारखी लागली नाही. काही उतारांवर एकही झाड जिवंत राहिलं नाही, काही ठिकाणी फक्त जमिनीलगतचा पाला जळाला. आज जळक्या, पांढऱ्या पडलेल्या खोडांखाली फायरवीड, व्हाइन मेपल आणि फरची रोपं दाटली आहेत. जंगल परत कसं येतं हे पाहायचं असेल तर हीच वर्षं आहेत. आग लागून गेलेला भाग टाळू नका, पण त्याचे नियम पाळा.

वारा असेल तेव्हा मेलेल्या झाडांखाली थांबू नका, जेवायला बसू नका. मुसळधार पावसात किंवा पावसानंतर लगेच तिथे जाऊ नका. मुळांनी धरून ठेवलेली माती सुटलेली आहे, दगड आणि चिखल खाली येतात. जानेवारी २०२१ मध्ये डॉडसनजवळ अशाच चिखलाच्या लोंढ्यात एका महिलेची गाडी वाहून गेली आणि तिचा मृत्यू झाला. ओनिऑन्टाच्या अरुंद चिरेत पाण्यातून चालत जाण्याचे फोटो इंटरनेटवर अजून फिरतात, ते आगीपूर्वीचे आहेत. आगीनंतर तिथे उतरायला बंदी आली.

नकाशाच्या अ‍ॅपवर वाट दिसते, पण जागेवर पाटी नाही. जावं का?

जाऊ नये. अनवट वाट म्हणजे मोडलेली किंवा चोरवाट नव्हे.

मुन्रा पॉइंटचं उदाहरण घ्या. धारदार माथा, तिन्ही बाजूंना पोकळी, फोटो अप्रतिम. पण ती वाट कुणी आखलेली नाही, तिची देखभाल होत नाही. लोकांनी सरळ उतारावर पाय रोवत ती पाडली. पावसाचं पाणी त्याच चरातून धावतं, माती जाते, झाडांची मुळं उघडी पडतात. उतरताना हात धरायला तीच मुळं असतात. इथे लोक पडतात, आणि त्यांना उतरवायला येणारे बचाव पथकाचे स्वयंसेवक स्वतःचा जीव धोक्यात घालतात.

अ‍ॅपवरची रेघ म्हणजे कुणीतरी एकदा तिथून गेलं, एवढाच पुरावा. निघण्याआधी ती जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्या संकेतस्थळावर वाट उघडी आहे का ते बघा. बंद असेल तर दुसरी निवडा. घळईत वाटांची कमी नाही.

पॉयझन ओक, गोचीड, साप: किती घाबरावं?

घाबरण्यापेक्षा ओळखायला शिका.

पॉयझन ओक पूर्वेच्या आणि सखल भागातल्या वाटांवर भरपूर आहे. एका देठावर तीन पानं, वसंतात तुकतुकीत, शरदात लालभडक. कुठे झुडूप, कुठे झाडावर चढलेली वेल. हिवाळ्यात पानं नसतात तरी काड्यांमध्ये तेच तेल असतं. तेल कातडीला लागलं की एक-दोन दिवसांनी पुरळ, फोड आणि असह्य खाज. पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, आणि परत आल्यावर लगेच साबणाने चोळून आंघोळ. कपडे वेगळे धुवा. बूट, काठ्या आणि कुत्र्याच्या केसांवरूनही तेल हाताला लागतं, हे बरेच जण विसरतात.

गोचिडी वसंतात गवताळ वाटांवर असतात. पँट मोज्यांत खोचा, फिकट रंग घाला म्हणजे दिसतील. घरी आल्यावर काखा, गुडघ्यांमागे आणि केसांत तपासा. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल लावणं, चटका देणं हे उपाय करू नका.

रॅटलस्नेक पूर्वेच्या कोरड्या खडकाळ भागात आहेत. जिथे दिसत नाही तिथे हात-पाय घालू नका. खुळखुळा ऐकू आला तर थांबा, साप कुठे आहे ते बघा आणि मागे सरका.

विंड माउंटनवरचे दगडी खड्डे काय आहेत?

घसाऱ्यातले दगड बाजूला रचून केलेले ते खड्डे इथल्या मूळ रहिवाशांनी केलेले आहेत. तरुण मुलं-मुली एकांतात उपास करून दृष्टान्ताची वाट बघत तिथे बसत. ती जागा आजही पवित्र मानली जाते. ठरवून दिलेल्या जागेवरूनच पाहा, दगडांवर चढू नका, एकही दगड हलवू नका, आपले नवे ढीग रचू नका. कॅथरीन क्रीकच्या नैसर्गिक कमानीभोवती कुंपण आहे, तेही याच कारणासाठी.

या घळईत माणसं हजारो वर्षं राहत आली आहेत. सेलिलो धबधब्यावर मासेमारी आणि व्यापारासाठी दूरदूरचे लोक जमत. १० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत तो धबधबा पाण्याखाली गेला. पण १८५५ च्या करारांनी मूळ रहिवाशांसाठी राखलेले मासेमारीचे हक्क आजही आहेत. क्लिकिटाट ट्रेलवर लाइलपासून थोडं वर, नदी जिथे अरुंद चिरेतून घुसते तिथे लाकडी मचाणं दिसतील. याकामा जमातीचे लोक तिथून लांब दांड्याच्या जाळ्याने सॅमन पकडतात. मचाणांवर जाऊ नका, आणि मासेमारी चालू असेल तर न विचारता कॅमेरा रोखू नका.

पास कोणता लागतो?

वनखात्याच्या बऱ्याच वाहनतळांवर नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास, दिवसाचा ५ डॉलर. वॉशिंग्टनच्या राज्य उद्यानांत (हार्डी रिज, बीकन रॉक) डिस्कव्हर पास. एक पास दुसऱ्या जागी चालत नाही. मोबाइलचं नेटवर्क दरीत भरवशाचं नसल्यामुळे पास आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

सोबत काय न्यावं?

नेहमीचं सामान तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून इथल्यापुरतं सांगते. वारा अडवणारं जाकीट, अगदी जूनमध्येही. ऑफलाइन नकाशा. डोक्याचा टॉर्च, कारण डिसेंबरमध्ये साडेचारलाच सूर्य मावळतो आणि ऑरेगनच्या कड्यांखाली त्याच्याही आधी अंधारतं. हिवाळ्यात बुटांना लावायचे खिळे. पूर्वेला पाणी घरूनच न्या, वाटेत मिळणार नाही. कुठे जाताय आणि किती वाजता परताल हे कुणाला तरी सांगून निघा.

गाडी कुठे लावायची, आणि गाडी नसेल तर?

वाटांच्या तोंडाशी काचा फोडून चोऱ्या होतात. पिशवी, चार्जर, रिकामी खोकीसुद्धा दिसेल अशी ठेवू नका.

आय-८४ या महामार्गावरून बाहेर पडायची काही वळणं एकाच दिशेच्या गाड्यांसाठी आहेत. ईगल क्रीकचं ४१ क्रमांकाचं वळण पूर्वेकडे जाणाऱ्यांनाच मिळतं, आणि परतताना आधी पूर्वेला कॅस्केड लॉक्सपर्यंत जाऊन मग पोर्टलंडकडे वळावं लागतं. नदी ओलांडायला ब्रिज ऑफ द गॉड्स आणि हूड रिव्हर या दोन्ही पुलांवर टोल आहे, द डॅल्सच्या पुलावर नाही.

गाडी नसेल तर कोलंबिया गॉर्ज एक्सप्रेस ही बस पोर्टलंडहून मल्टनोमा, कॅस्केड लॉक्स आणि हूड रिव्हरला जाते. कॅस्केड लॉक्सला उतरून ड्राय क्रीकला पायी जाता येतं. परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी बघून घ्या आणि तिच्या आधीची बस पकडायचं ठरवून चालायला लागा.